ट्रॅकवरची ढोलकी

आमच्या घरात सकाळी आधी आबांची बोटं जागी व्हायची आणि मग आबा. आई चुलीपुढं तांदळाची भाकरी थापत असायची, धूर कौलांतून वाट काढत असायचा, आणि आबा, म्हणजे माझे वडील, गोधडीत पडल्या पडल्याच उशाशी ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीवर काहीतरी वाजवत असायचे. डोळे मिटलेले, बोटं चालू. आई म्हणायची, "अवं, आधी तोंड धुवा, मग वाजवा. पेटीला पोचं पडलं." पोचे खरंच पडले होते. जेवताना ताटाची कड, रिकामा डबा, सायकलचं सीट, कशालाही हात लागला की तो वाजायचा. आईला त्या वाजण्यावरून त्यांचा दिवस कसा गेला ते कळायचं. ते कासार आंबोलीच्या बाजूला एका पुण्याच्या माणसाच्या बंगल्यात बागकाम करत. मालक शनिवार-रविवारीच येई, पण आला की हिरवळीवरून कुरकुर करी. अशा दिवशी आबा घरी येऊन पाटावर बसले की तर्जनी नुसती एका जागी टकटक करत राही. मग आई सुकटीची चटणी जरा जास्त वाढायची.

नांद्यात, विहाराच्या मागच्या आळीत आमचं घर. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा, आणि त्या ओट्यावर आमच्या गायन पार्टीचा सराव. पार्टी म्हणजे ढोलकीला आबा, बाजाच्या पेटीला आईचा भाऊ शंकरमामा, आणि गायला मी. आधी मामाच गायचा. त्याचा आवाज कायमचा बसला तेव्हा मला पुढं केलं. मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. जयंतीचे कार्यक्रम, बुद्धपौर्णिमा, कुणाचं लग्न, कुणाच्या घराचा गृहप्रवेश, बोलावतील तिथं आम्ही जायचो. सरावाला आई गुळाचा कोरा चहा करायची. ताक मात्र मला बंद. "गायचं आसंल तर ताक न्हाई," हा आबांचा एकमेव कायदा.

मला गाणं कुणी शिकवलं असं नाही. पण आबांनी मला एक गोष्ट दिली होती, तिला काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही. माझा श्वास कुठं संपणार ते मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. मी एखाद्या ओळीवर रेंगाळले की ढोलकी रेंगाळायची. भूगावजवळच्या एका लग्नात मी दुसऱ्या कडव्याची सुरुवातच विसरले. डोकं कोरं. समोर माणसं बसलेली. आबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि असा काही तुकडा वाजवायला घेतला की लोक टाळ्या वाजवायला लागले. तो तुकडा ते वाढवत गेले, वाढवत गेले, आणि माझ्या ओठावर शब्द आलेले दिसल्यावरच समेवर आले. घरी येताना टेम्पोत मी रडवेली होऊन म्हटलं, "आबा, मी विसरले होते." ते म्हणाले, "व्हय? मला वाटलं दम खातीयास." त्यांना सगळं कळलं होतं. पण ते असंच बोलायचे.

त्या दिवसांत आमच्या आजूबाजूची जमीन रोज नवं तोंड करून उभी राहायची. हिंजवडीकडं इमारतींचे सांगाडे चढत होते. जिथं भात लावायचो तिथं वाळूचे ढीग. जयंतीच्या मंडळांकडंही वर्गणी जास्त यायला लागली, स्टेज मोठं झालं, आणि ओट्यावर सराव केलेली तीन माणसांची पार्टी त्या स्टेजवर बारीक दिसायला लागली. लोक आम्हाला ऐकायचे, पण मधेच कुणीतरी उठून म्हणायचं, "जरा दणका येऊ द्या की." तो दणका आमच्याकडं नव्हता.

तो प्रवीणनं आणला. प्रवीण आमच्या नात्यातला, मारुंजीचा. वयानं माझ्याएवढाच. त्यानं साउंड सिस्टीम घेतली होती, लॅपटॉप होता, आणि बोलताना तो अर्धं हिंदी बोलायचा. त्यानं आमच्या ओट्यावर येऊन एका गाण्याचा ट्रॅक ऐकवला. गाणं नाही, गाण्यामागचं सगळं. व्हायोलिनं, बासरी, ढोल, मागं दहा-बारा बायांचा कोरस. मधली जागा रिकामी. "सुमन, ह्या जागेत तू गा," तो म्हणाला. मी गायले. आणि मला, खरं सांगते, रडू आलं. आपण रेडिओतून येतोय असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा आवाज मोठ्या माणसाचा वाटला.

आबा ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "ग्वाड हाय. पर हे थांबतं का?"

"म्हणजे?" प्रवीणनं विचारलं.

"हिला दम लागला तर?"

"आबा, प्रॅक्टिस केली की दम लागणार नाही."

आबांनी मान हलवली. त्या रात्री जेवताना मीच विषय काढला. मी म्हटलं, "आबा, आता समदीकडं आसंच हाय. तुमी नगं म्हणलात तर लोक दुसरी पार्टी बोलावत्याल." हे मी म्हटलं. प्रवीणनं नाही, मंडळानं नाही. लिहायला बसल्यावर मी ठरवलं होतं की हे वाक्य गाळायचं नाही. आई मधेच म्हणाली, "करू द्या तिला. तिचं दिस हायेत." मग आबा "बरं" म्हणाले.

फक्त एक अट त्यांनी घातली. ढोलकी त्यांचीच असली पाहिजे. प्रवीणनं ती मान्य केली आणि आम्हाला पुण्यात एका लहानशा स्टुडिओत नेलं. काचेच्या खोलीत आबांना एकट्याला बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि त्यातून टक् टक् असा ठोका सोडला. काचेच्या अलीकडून ते मला फार लहान दिसत होते. दोन मिनिटांत त्यांनी हात उचलला. "म्होरं कुनी गातच न्हाई, तर वाजवू कुनासाठी?" मग मी दुसऱ्या माइकवर गायले आणि ते वाजवायला लागले. पण जमेना. मी श्वास घेतला की ते सवयीनं माझ्यासाठी केसभर थांबायचे आणि ठोका पुढं निघून जायचा. रेकॉर्डिंगवाला भला माणूस होता. चार-पाचदा झाल्यावर तो म्हणाला, "काका, राहू द्या. तुम्ही नुसती चार आवर्तनं नीट द्या, बाकी मी लावून घेतो." आबांनी चार आवर्तनं दिली. त्यानं ती स्क्रीनवर कापली आणि एकापुढं एक चिकटवत गाण्याच्या शेवटापर्यंत नेली. सगळ्या गाण्यांचं त्यानं असंच केलं. परत येताना पीएमटीच्या बसमध्ये आबा खिडकीशी बसले होते. चांदणी चौक आल्यावर म्हणाले, "मीच हाय तो. पर एकच गोष्ट परत परत सांगतोय, म्हाताऱ्यावानी." आणि हसले. मीही हसले.

ट्रॅकवर पहिला कार्यक्रम झाला तो पिरंगुटच्या बाजूला, आणि लोक वेडे झाले. पेटीही ट्रॅकमध्येच होती म्हणून शंकरमामापुढचा माइक बंद ठेवला होता. पण पार्टी दिसली पाहिजे, म्हणून त्यानं बसायचं आणि वाजवल्यासारखं करायचं. दुसऱ्या कार्यक्रमानंतर मामानं पेटी झाकून ठेवली. "शोभंला बसायला मी फुलदानी हाय का?" म्हणाला आणि एका कंपनीच्या कॅबवर ड्रायव्हर म्हणून लागला. आबा मात्र बसत राहिले. का, ते मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मला माहीत होतं की ते माझ्यासाठी बसतात, आणि जे माहीत असतं ते विचारायची हिंमत होत नाही. त्यांची ढोलकी माझ्या माइकमध्ये शिरते आणि ट्रॅकशी मागंपुढं होते, अशी प्रवीणची तक्रार होती. म्हणून आबा बोटं कातड्याला जेमतेम लावायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, काय हात चाललाय! जवळ कान नेला तर काही नाही.

आधी आबा माझ्या डाव्या हाताला, एका ढांगेवर बसायचे. आता स्टेजवर दिवे आले, धूर सोडायचं मशीन आलं, तेव्हा प्रवीणनं त्यांच्यासाठी मागं उंचवटा केला. मी पुढं एकटी, आबा मागं एकटे. मला ते दिसायचे नाहीत आणि ऐकू तर यायचेच नाहीत. पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून मला ऐकू यायची ती त्यांची स्टुडिओतली चार आवर्तनं.

अशी दीड-दोन वर्षं गेली. मग जयंतीच्या दिवसांतला तो कार्यक्रम आला, हिंजवडीच्या रस्त्यालगतच्या एका वस्तीतला. संध्याकाळचे सात वाजत असतील. अजून पुरता अंधार नव्हता. रस्त्यावर कंपन्या सुटल्याची गर्दी आणि हॉर्न, आणि इकडं आमच्या मंडपात हजारभर माणूस. आई पहिल्यांदाच ट्रॅकवरच्या कार्यक्रमाला आली होती. जयंतीची पांढरी साडी नेसून बायकांच्या बाजूला चौथ्या-पाचव्या रांगेत बसली होती. निघताना आबा म्हणाले होते की उजव्या हाताला जरा मुंग्या आल्यात. आई म्हणाली, "कुदळ मारून आला आसाल." ते खरंच कुदळ मारून आले होते, मालकाला गुलाबांसाठी नवे वाफे हवे होते. कुणाला काही वाटलं नाही.

मी पहिलं गाणं सुरू केलं. आवाज छान लागला होता. दुसऱ्या कडव्याच्या सुमाराला मला आई उभी राहिलेली दिसली. तिनं दोन्ही हात वर केले होते आणि ते हलवत होती. तोंड उघडं होतं, काहीतरी म्हणत होती. स्पीकरपुढं कुणाचं काय ऐकू येणार? तिच्या आजूबाजूच्या बायकाही टाळ्या वाजवत होत्या, एक-दोघी नाचत होत्या. मला वाटलं, आई खूश झाली. माझी आई, जिनं कधी चारचौघांत पदर ढळू दिला नाही, ती माझं गाणं ऐकून उभी राहून हात हलवते आहे. मी तिच्याकडं बघून हसले आणि माझा हात वर करून हलवला.

गाणं संपलं. टाळ्या चालू होत्या. एरवी आम्ही दोन गाण्यांच्या मधे थोडं बोलायचो, पाणी प्यायचो. त्या दिवशी रंग चढलाय असं वाटून मी समोर बसलेल्या प्रवीणला बोट फिरवून खूण केली, थांबू नको, पुढचं लाव. त्यानं लावलं. ढोलकी सुरू झाली. स्वच्छ, एकसारखी, एकही ठोका न चुकता. ती ऐकत मी आणखी दोन कडवी गायले.

आई तोवर बायकांतून वाट काढत पुढं आली होती. बांबूच्या अडसराशी एका स्वयंसेवकानं तिला अडवलं. ते मला दिसत होतं. तो तिला खांद्याला धरून बसवत होता, ती त्याचा हात झटकत होती. तेव्हा मात्र मला भीती वाटली. पण वाटली ती वेगळीच. वाटलं आईला कुणी काही बोललं की काय. मी गातच होते. तिनं माझ्याकडं न बघता माझ्या मागं बोट दाखवलं. मी वळले.

आबा ढोलकीवर कलले होते. जणू कान लावून काही ऐकताहेत. उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता. डावा हात ढोलकीवर होता आणि त्याची बोटं अजून हलत होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डोळे माझ्याकडं लागलेले होते. धुरातून, लाल-निळ्या उजेडातून ते माझ्याकडं बघत होते. आणि ढोलकी वाजत होती.

मी धावले. हातातला माइक टाकायचं सुचलं नाही, त्यामुळं मी "आबा, आबा" म्हणत होते ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. आई कुठून वर चढली कळलं नाही. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. लोक उठले, कुणी पाणी आणलं, कुणी कांदा आणा म्हणालं. प्रवीण लॅपटॉप सोडून पळत आमच्याकडं आला, आणि त्यामुळं तो ट्रॅक चालूच राहिला. कोरस, बासरी, आबांची ढोलकी. मी किंचाळले, "बंद कर ते!" पण बंद करणारा माझ्याशेजारीच उभा होता, आबांचे पाय चोळत.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मंडळाची जीप. तिच्यात आडवे आबा. रस्त्यावर कॅबच्या चार-चार रांगा, सगळ्यांचे मागचे लाल दिवे, आणि हलत काहीच नाही. मंडळाची पोरं खाली उतरून गाड्यांच्या बोनेटवर हात आपटत होती. एका कॅबच्या काचेतून गळ्यात ओळखपत्र घातलेली माझ्याच वयाची मुलगी आमच्याकडं बघत होती. तिनं काच खाली करून ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, त्यानं हात वर केले. त्यालाही जागा नव्हती. आई आबांच्या कानात काहीतरी बोलत होती. मी त्यांचा उजवा हात धरला होता, तो नुसता जड होता.

पहिल्या दवाखान्यानं पुढं पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी पटापट प्रश्न विचारले. "हे सुरू कधी झालं?" आई म्हणाली, "पयलं गानं चालू व्हतं तवा. उजवा हात थांबल्याला मी बघितला." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही स्टेजवरच होतात ना?" मी म्हटलं, "हो." "तुमच्या लक्षात कधी आलं?" उत्तर आईनं दिलं. "तिची पाठ व्हती त्यांच्याकडं." तेवढ्यावर तिनं तो विषय मिटवला, तो कायमचा. मरेपर्यंत ती मला त्यावरून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला फार वेळा वाटलं.

मंडपातले लोक नंतर भेटायला यायचे तेव्हा सांगायचे, "आमाला वाटलं आबा रंगात आलेत. ढोलकी तर चालू व्हती." प्रत्येकजण हेच सांगायचा. मी प्रत्येकाला चहा द्यायचे.

आबा वाचले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वाचा पुढं वर्ष-दीड वर्षानं शब्दाशब्दानं परतली, हात परतला नाही. डॉक्टरीणबाई मला एकदा म्हणाल्या होत्या की त्या दहा मिनिटांनी फार फरक पडला नसता, रस्त्यात जास्त वेळ गेला. त्या खरं बोलल्या असतील, किंवा माझ्याकडं बघून बोलल्या असतील. ठरलेले कार्यक्रम होते. प्रवीण येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "सुमन, तू म्हणशील तसं." बागेचं काम सुटलं होतं, घरात औषधं होती. मी गेले. मागच्या उंचवट्यावर आता कुणी नसायचं आणि त्यानं कार्यक्रमात काहीच कमी पडत नव्हतं. एकदा घोटावड्याकडं एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम स्टेजमागं आले, म्हणाले, "पोरी, ढोलकी कोन वाजिवतंय? लई दिसांनी आसा हात ऐकला." मी म्हटलं, "माझे वडील." ते इकडंतिकडं बघायला लागले. मी त्यांना सांगत बसले नाही.

दोन वर्षं मी तशी गायले. मग अंगणवाडीत सेविकेचं काम लागलं आणि मी गाणं सोडलं. ट्रॅकवर माझा राग नाही. पन्नाशी उलटली, गुडघे धरतात, आणि अंगणवाडीच्या पोरांचं नाचगाणं असलं की मीच मोबाईलला स्पीकर जोडून ट्रॅक लावते. पोरं नाचतात, आया बघतात. मी मात्र त्यांच्याकडं तोंड करून उभी राहते. एक-एक पोर मोजत.

आबांना विचारायचं धाडस मला त्या संध्याकाळनंतर सहा वर्षांनी झालं. रविवार होता. आबा ओट्यावर खुर्चीत बसले होते, पलीकडं नव्या इमारतीच्या क्रेनकडं बघत. मी त्यांची नखं कापत होते. डाव्या हाताची झाली, उजवा हात मांडीवर घेतला आणि खाली बघतच म्हटलं, "आबा, त्या दिशी तुमी मला हाक मारली व्हती का?"

कुठला दिवस ते त्यांनी विचारलं नाही. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा.

"न्हाई," ते म्हणाले. "गानं चालू व्हतं."

मी अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख कापलं.

"म्हनलं, संपंल," ते म्हणाले. मग थांबले. तोंडाच्या कडेला आलेली लाळ मी पुसली. "संपंल मंग सांगू." पुन्हा थांबले. "तर तू... दुसरं लावलंस."

त्यात तक्रार नव्हती. काय झालं ते ते सांगत होते. सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा क्रेनकडं पाहिलं. उजव्या हाताची तीन नखं राहिली होती. ती मी कापली.